आधी उचलायचं

पाथर्डीच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा आई रडली नाही, मीही नाही. आमच्या घरात निघण्याचं कौतुक नव्हतंच. दरवर्षी अर्धं गाव चूल, कोंबड्या आणि लेकरं ट्रकात घालून ऊसतोडीला निघायचं. मी नर्स म्हणून डेन्मार्कला चालले होते. आईनं बॅग आत ढकलली आणि एवढंच म्हणाली, "मंजे, मानसांत ऱ्हा. येकटी पडू नगंस."

आता आपल्याकडच्या आणखी पोरी इकडं यायला निघाल्यात, म्हणून हे लिहितेय. रीतभात शिकवणाऱ्या वर्गात तुम्हाला सगळं सांगतील. न विचारता कुणाच्या दारात जाऊ नका, कुणाला पगार विचारू नका, बसमध्ये फोनवर ओरडू नका. सगळं खरं आहे. मला मात्र एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती आणि तिच्यापायी माझं इथलं बस्तान उठायची वेळ आली.

इकडं तान्ही लेकरं थंडीत बाहेर झोपवतात. बाबागाडीत, रजईत गुंडाळून, भर अंगणात. आई आत कॉफी पीत बसते. मोकळ्या हवेत झोप चांगली लागते म्हणे.

पहिल्याच हिवाळ्यात मी ड्यूटीवरून येत होते. आमच्या इमारतीच्या अंगणात एक बाबागाडी उभी होती आणि आत पोरगं जीव तोडून रडत होतं. बर्फ भुरभुरत होता. आसपास चिटपाखरू नाही. मी दोन हाका मारल्या, कुणी आलं नाही.

आम्ही भावंडं उसाच्या फडाच्या कडेला झोळीत वाढलो. आई कोयता घेऊन आत कुठंतरी लांब असायची. झोळीतलं लेकरू रडलं की जवळची बाई उचलायची, वेळ पडली तर पाजायचीसुद्धा. आई म्हणायची, "रडनारं लेकरू कुनाचं हाय ते इचारत बसू नगं. आधी उचल. आई मागनं सापडती."

मी उचललं. कोटाच्या आत घेतलं आणि वारा लागू नये म्हणून जिन्यात जाऊन उभी राहिले. पोरगं गप्प झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात बाहेर किंकाळी ऐकू आली. तळमजल्यावरची कारेन रिकामी गाडी दोन्ही हातांनी धरून उभी होती. मी धावत गेले, तर तिनं पोरगं हिसकावून घेतलं आणि पोलिसांना फोन लावला. मला भाषा अर्धीमुर्धी. "रडत होता" एवढंच मी परत परत म्हणत राहिले.

पोलीस आले. इतकं हळू, इतकं सभ्य बोलत होते की मला काही अंदाजच येईना. आपल्याकडं शिव्या तरी घालतात, आपण कुठं उभे आहोत ते कळतं. त्यांनी माझे कागद बघितले, नाव-पत्ता लिहून घेतला, कळवू म्हणाले. कळवेपर्यंत डोक्यात एकच घोळत होतं. परवाना गेला तर परत जायचं, आणि गावात सांगायचं काय, की पोर चोरलं म्हणून हाकलली?

शेवटी गैरसमज म्हणून प्रकरण मिटलं. पण कारेन जिन्यात दिसली की मान फिरवायची. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "ती बी आईच हाय, भ्याली आसंल." मला राग आला. आईचा, कारेनचा, सगळ्यांचा. त्यानंतर मी रडणाऱ्या बाबागाडीजवळून खाली मान घालून पुढं जायला शिकले. शिकले म्हणजे काय, मनाला कुलूप घातलं.

पुढं लग्न झालं, घर तेच राहिलं, मला मुलगी झाली. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, बाहेर झोपवा. मी गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवायचे आणि दर मिनिटाला डोकावायचे. एका दुपारी आमटीला फोडणी दिली, वळून बघितलं, तर गाडी रिकामी.

अनवाणीच पळाले बर्फातून. गाडी दोन्ही हातांनी धरली आणि मराठीतच ओरडले, "माझी पोर, माझी पोर कुठाय?"

मागं जिन्याचं दार उघडलं. कारेन उभी होती, माझी मुलगी तिच्या कोटाच्या आत. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "रडत होती."

मी मुलीला घेतलं आणि तिथंच पायरीवर बसून रडले. कारेन शेजारी बसली. पाठीवर हात ठेवावा की नाही, हे तिला जरा वेळ कळेना. मग ठेवला.

आता तिच्या दाराची बेल मी न विचारता वाजवते. इथली रीत मोडते, माहीत आहे. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर अजून पाथर्डीच तोंडात येतं, पण आता सांगताना आतून तुटत नाही.

त्या दिवशी संध्याकाळीच आईला फोन करून सगळं सांगितलं होतं. तिला त्यात नवल वाटलं नाही. "मग? उचलायचंच की," म्हणाली. फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "मंजे, मानसांत हाईस न्हवं?"

"हाय," मी म्हणाले.