तात्यांनी लाटलेली जमीन

आम्ही युनिटमधले चौघं औरंगपुऱ्यात चहाला बसलो, की मुकुंदाचे किस्से निघतातच. चहा गार होतो, किस्से संपत नाहीत! मी त्याचा पहिल्या सिनेमापासूनचा असिस्टंट, त्यामुळं निम्म्या फजित्यांत माझाही वाटा आहे.

मुकुंदा दिग्दर्शक. त्याचे वडील तात्या म्हणजे मराठी पडद्यावरचे गाजलेले खलनायक. सेटवर ते प्रत्येक दिग्दर्शकाला 'साहेब' म्हणायचे, अगदी पोरसवदा असला तरी. मुकुंदाचे दोन सिनेमे झाले, तरी तो मात्र 'मुक्या'च! हे त्याला फार लागायचं. 

*

पहिल्या सिनेमासाठी करमाडला एका मावशींचं अंगण हवं होतं. त्यांनी मुकुंदाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तू त्याचाच ना? तुझ्या बापानं त्या गरीब पोरीची जमीन लाटली. नाय देत अंगण!"

"मावशी, तो सिनेमा होता हो."

"व्हय, तीनदा बघितला मी. तिन्ही येळा लाटली!"

शेवटी मुकुंदानं "तात्यांना ती जमीन परत द्यायला लावतो," असा शब्द दिला, तेव्हा कुठं अंगण मिळालं.

*

प्रीमियरसाठी रशीदभाई टेलरनं मुकुंदाला कोट शिवला. बाह्या पार बोटांच्या खाली!

"रशीदभाई, ये किसका नाप है?"

"वालिद साब का. पुरानी वही में था."

वडिलांचं माप म्हटल्यावर मुकुंदा वैतागला. रशीदभाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि शांतपणे म्हणाले, "पैन के रखो मियाँ. आहिस्ता आहिस्ता भर जाते."

त्यानं तो तसाच घातला.

*

गंगापूरला तर कहरच. शूटिंग बघायला जमलेली गर्दी हटून बसली, "तात्यांसारखं हसून दाखवा!"

मुकुंदानं छाती भरून सुरुवात केली आणि असा ठसका लागला, की मीच पाणी घेऊन धावलो. मागून एक आजोबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, आईवर गेलंय लेकरू!"

*

तिसऱ्या सिनेमात तात्या एका सीनपुरते आले. तेच करमाडचं अंगण. जमीन लाटलेला म्हातारा पोरीला कागद परत करतो, एवढाच सीन. बघायला मावशी सगळ्यांत पुढं.

तात्यांचा एक नियम होता. दिग्दर्शक 'कट' म्हणेपर्यंत भूमिकेतून बाहेर यायचं नाही.

तात्यांनी कागद पुढं केला. पोरगी तो घेऊन निघून गेली. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "दिली बाई एकदाची!" आमच्या साउंडवाल्यानं कपाळावर हात मारला.

पण कट येईचना! बघतो तर मुकुंदा मॉनिटरसमोर बसून घळाघळा रडतोय. मी कोपरानं ढोसलं, काही उपयोग नाही. तात्या रिकामा हात पुढं करून तसेच उभे. एक मिनिट गेलं, दोन गेली. 

शेवटी चेहऱ्यावरची रेषही न हलवता तात्या हळूच म्हणाले,

"साहेब, हात खाली घेऊ का?"