सरांच्या फाटकासमोरचा दगड

बाबांचं आणि सरांचं बोलणं बंद झालं ते पिरॅमिडवरून. दोघांपैकी कोणीही इजिप्तला गेलेलं नाही. बाबा जन्मभर सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर होते. सर म्हणजे आमच्या शेजारच्या, उताराच्या खालच्या अंगाच्या घरात राहणारे भूगोलाचे शिक्षक. मलाही त्यांनीच शिकवलं. तीस वर्षं दोघं सकाळी सोबत फिरायला जात होते, आणि रस्ता, पाणी, ब्लडप्रेशर यांपलीकडे त्यांच्यात वाद झाल्याचं मला आठवत नाही.

मग सरांच्या मुलीनं त्यांना नवा फोन घेऊन दिला. महिनाभरातच सर त्यावर व्हिडिओ पाहून, ते कॉलनीच्या ग्रुपवर टाकून म्हणू लागले की एवढाले दगड माणसानं उचलणं शक्यच नाही, हे काम वरून आलेल्यांचं आहे.

"वरून म्हणजे कुठून?" बाबांनी विचारलं.

"आकाशातून."

"मी सदतीस पूल बांधले. एकदाही वरून कोणी आलं नाही. वरचे साहेबसुद्धा आले नाहीत."

सरांना हे लागलं. ते म्हणाले, "तुझे पूल आणि पिरॅमिड एक आहेत का गा? तुझा एक पूल तर पहिल्याच पावसाळ्यात खचला." त्या दिवशी दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी आले.

नंतर निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. मी शहराबाहेरच्या मिहान वसाहतीतल्या एका कंपनीत आहे, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. मीटिंग सुरू असताना बाबा दारात उभे राहून म्हणायचे, "त्याले विचार, वरून आलेल्यांजवळ यान होतं तर दगड कायले वापरले? लोखंड नव्हतं का त्याइच्याजवळ?" मी कानातला हेडफोन काढून कंपाउंडच्या भिंतीपाशी जाऊन विचारायची. सर विचार करून म्हणायचे, "त्याले म्हण, दगड गंजत नाही." मी परत येऊन सांगायची. बाबांना हे उत्तर मनातून पटायचं, म्हणून ते जास्त चिडायचे.

त्याच सुमारास गल्लीत सिमेंट रोडचं काम निघालं. खोदताना एक काळा दगड वर आला, बसलेल्या म्हशीएवढा. कामगारांनी तो गल्लीच्या वरच्या टोकाला, मोकळ्या प्लॉटच्या कडेला लोटून दिला. बाबा दोन दिवस त्याच्याभोवती टेप घेऊन फिरत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला भिंतीपाशी पाठवलं. निरोप असा होता: हा दगड माणसांनी, यंत्राविना, वीस फूट हलवून दाखवला तर सरांनी कॉलनीच्या ग्रुपवर एकही व्हिडिओ टाकायचा नाही. हलला नाही तर बाबा सगळ्यांसमोर 'मले माहीत नाही' असं म्हणतील. बाबांनी हे वाक्य कधी उच्चारल्याचं आईला लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत आठवत नव्हतं. सरांनी ताबडतोब होकार दिला.

माणसं मिळाली ती हास्य क्लबची. सकाळी बागेत हात वर करून हसणारे नऊ जण, सगळे पेन्शनर. बाबांनी सेंट्रिंगच्या गोल बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, आणून दगडाखाली सरकवल्या, दोरखंड बांधला. सर प्लास्टिकची खुर्ची टाकून खाली गल्लीच्या मधोमध बसले, निरीक्षक म्हणून. पहिल्या तीन जोरांत दगडानं काही दाद दिली नाही. मग कोणीतरी म्हणालं की आपल्याला एका तालात ओढायची सवय नाही, पण एका तालात हसायची आहे. म्हणून सगळे हसत ओढू लागले. हा हा, हो हो. आणि दगड खरंच हलला. एक फूट. चार फूट. बाबा मागची बल्ली काढून पुढे लावायला धावत होते. त्यांचा चेहरा मी इतका आनंदी क्वचितच पाहिला होता.

पंधराव्या फुटाला उतार सुरू झाला. हे ओव्हरसियरच्या लक्षात यायला हवं होतं.

दोर सैल पडला, क्लबचे सदस्य हसणं न थांबवताच बाजूला पळाले. सर ज्या चपळाईनं खुर्चीतून उठले, ती पाहून त्यांच्या गुडघ्यांच्या डॉक्टरांना अभिमान वाटला असता. सगळ्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा खुर्ची चपटी झाली होती आणि दगड सरांच्या अर्धवट उघड्या फाटकाला टेकून उभा होता.

सर शांतपणे त्याच्याजवळ गेले. "पंधरा फुटांनंतर याले कोणी ओढलं?"

"कोणीच नाही. उतार आहे," बाबा म्हणाले.

"उतार तीस वर्षांपासून आहे. इतकी वर्षं दगड माझ्या फाटकावर काहून नाही आला?"

बाबा टेप काढून उतार मोजू लागले. पण महिनाभरानं ते एकमेकांशी थेट बोलले, हे त्या क्षणी फक्त माझ्या लक्षात आलं.

सर फटीतून कसेबसे आत शिरले, आणि त्यांच्या धक्क्यानं फाटक हललं तसा दगड उतारावर आणखी बोटभर सरकून फाटकावर बसला. आता फाटकातून हात बाहेर निघायचा, सर निघत नव्हते. फाटक बाहेरच उघडणारं. सरांच्या पत्नी मुलीकडे पुण्याला गेलेल्या. भिंतीवरून उडी मारायला सर तयार नव्हते. "मी काही चोर नाही," म्हणाले. रस्त्याच्या ठेकेदाराला विनवलं, तर तो म्हणाला की जेसीबी यायला गल्लीत रस्ताच नाही. खरंच नव्हता, जेसीबीनंच खोदून ठेवला होता.

तीन दिवस आई भिंतीवरून डबा देत होती. बाबा स्टुलावर उभे राहून विचारायचे, "मीठ बरोबर आहे का?" सर म्हणायचे, "मीठ बरोबर आहे. सिद्धांत चूक आहे."

चौथ्या दिवशी आई वैतागली. तिचे दोन डबे सरांकडे अडकले होते. ती मागच्या अंगणातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आली आणि मला म्हणाली, "चाल वं, रस्त्यावरची गिट्टी आण बादलीभर." तिनं सब्बल दगडाच्या कडेखाली खुपसली, खाली एक वीट ठेवली आणि टोकावर बसली. दगड दोन बोटं उचलला गेला. "ठेव खडे," म्हणाली. मी ठेवले. मग दुसरी बाजू. पुन्हा पहिली. दगड डुलत डुलत, पोट जड झालेल्या बाईसारखा, हळूहळू तोंड फिरवू लागला. भिंतीच्या अलीकडून बाबा आणि पलीकडून सर पाहत होते. जेवणवेळेपर्यंत फाटक उघडलं.

सर बाहेर आले. "वहिनी, हे तुमाले कोणी शिकवलं?"

"कोणी काहून शिकवन? माहेरी धुण्याचा दगड आम्ही बाया अशाच सरकवत होतो. लोटून नाही सरकत तर उचकवावं लागते."

"म्हणजे कोणीच शिकवलं नाही," सर बाबांकडे वळून म्हणाले. "ज्ञान वरून आलं."

"तिच्या आईनं शिकवलं असन," बाबा म्हणाले.

"आणि तिच्या आईले?"

 मला वाटलं आता पुन्हा तोंडं फिरणार. पण बाबांनी हाताला लागलेली भिंतीची माती झटकली आणि ते म्हणाले, "मले माहीत नाही."

आई आपले डबे घेऊन निघाली होती, ती जागीच थांबली. सरांना पैज जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तेच घाबरले. त्यांनी बाबांना धरून ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, छातीत दुखतंय का विचारलं. बाबा म्हणाले, दुखत नाही, उलट हलकं वाटून राहिलं.