एकवीस ऑगस्टची तीन वाक्यं

ती तीन वाक्यं खोडताना मधुमतीबाईंना काडीचीही शंका आली नाही, आणि पुढे त्यांना सगळ्यात जास्त तेच टोचत राहिलं. शंका येऊन खोडली असती तर निदान अर्धा दोष घाईला देता आला असता.

सिंगापूरच्या बेडोक भागात, आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर, एका शनिवारी सकाळी ही गोष्ट घडली. समोर ऋग्वेदा बसली होती. वय सतरा, राहायला बुकित तिमाहच्या एका काँडो सोसायटीत, आंतरराष्ट्रीय शाळेचं शेवटचं वर्ष. तिच्या शाळेत प्रत्येकाला आवडीच्या विषयावर चार हजार शब्दांचा निबंध लिहावा लागे. बाकीच्यांनी महायुद्धं घेतली, या पोरीने घेतला इंग्लंडचा सातवा हेन्री, ट्यूडर घराण्यातला पहिला राजा.

"सगळ्यांना त्याचा मुलगा आवडतो, सहा बायकांवाला," ती म्हणाली होती. "बाप बोअरिंग म्हणे. पण मावशी, तू वाच ना, ही इज सो स्नीकी!"

ऋग्वेदा लहानपणापासून सगळ्यांनाच 'तू' म्हणे. इथल्या मुलांचं मराठी तसंच. तिची आई राधिका मधल्या मध्ये शरमून जाई. मधुमतीबाईंना मात्र ते 'तू' आवडायचं.

मधुमतीबाई मूळच्या सांगलीच्या. पुण्याला इतिहासात एम.ए. केलं, साताऱ्याच्या एका कॉलेजात दोन वर्षं शिकवलंही. मग उल्हासरावांशी लग्न झालं, आणि त्यांच्या बँकेतल्या नोकरीपाठोपाठ बावीस वर्षांपूर्वी त्या सिंगापूरला आल्या. इथे साताऱ्याच्या कॉलेजाचं नाव कोण विचारतंय? अंकुर तेव्हा दोन वर्षांचा होता. पुढे त्याच्या एका वर्गमित्राला परीक्षेआधी इतिहास समजावून दिला, त्या मुलाच्या बहिणीला दिला, आणि बघता बघता त्या मराठी मंडळींत 'इतिहासाच्या मावशी' होऊन बसल्या. अंकुर आता मेलबर्नला असतो. त्याची खोली पुस्तकांनी भरली, पण टेबलावर मानाची जागा अजून त्या जुन्या एम.ए.च्या वहीला होती. मुलं निबंध छापून आणत, कारण स्क्रीनवर चूक दिसत नाही असं मावशींचं ठाम मत. मग एका हाताला वही, दुसऱ्या हातात लाल पेन. मावशींनी एकदा रेघ मारली की मारली. इतक्या वर्षांत कुणी त्यावर उलट बोललं नव्हतं.

ऋग्वेदाने लिहिलं होतं: बॉसवर्थची लढाई बावीस ऑगस्ट १४८५ ला झाली आणि तिसरा रिचर्ड पडून हेन्री राजा झाला. पण आपल्या पहिल्याच पार्लमेंटमध्ये हेन्रीने आपलं राज्य एकवीस ऑगस्टपासून मोजायला लावलं. त्यामुळे लढाईच्या दिवशी जे आपल्या राजाच्या बाजूने उभे राहिले, ते सगळे मागाहून राजद्रोही ठरले.

"हे काय गं?" मधुमतीबाई म्हणाल्या. "लढाई बावीसला, मग राज्य एकवीसला कसं सुरू होईल? वरातीमागून घोडं ऐकलं होतं, तू वरातीच्या आदल्या दिवशीच घोडं आणलंस!"

ऋग्वेदा हसली. "नो, मावशी, मी एका बुकमध्ये..."

"इंटरनेटवर काहीही असतं. तारीख चुकली की परीक्षक पुढचं वाचतच नाही." त्यांनी वहीतलं पान दाखवलं. त्यांच्याच वीस-एकवीस वर्षांच्या वयातलं ठसठशीत अक्षर: राज्यारंभ, २२ ऑगस्ट १४८५.

पोरीचा हात बॅगेच्या चेनपर्यंत गेला होता. तो तिथेच थांबला. "ओके ला," ती इथल्या पोरांसारखी म्हणाली.

तीन वाक्यांवर लाल रेघ पडली. ती वाक्यं गेल्यावर त्यांच्यावर उभा असलेला शेवटही गेला. ज्या राजाने स्वतःला बसवण्यासाठी कायदा मागे वळवला, त्यानेच दहा वर्षांनी, १४९५ मध्ये, कायदा केला की त्या त्या वेळी गादीवर असलेल्या राजाची चाकरी करणाऱ्याला पुढे राजद्रोही ठरवायचं नाही. चोरवाटेने आत शिरलेल्याने आतून कडी घालावी तसं, असं ऋग्वेदाने लिहिलं होतं. तेही गेलं. उरलं ते सगळं अचूक होतं: सरदारांच्या खासगी फौजा कशा आवरल्या, न्यायदान राजाच्या हाती कसं आलं, राजपुत्रांना नव्या विद्येचे शिक्षक कसे मिळाले, इटलीच्या पंडिताकडून देशाचा इतिहास कसा लिहवून घेतला. अचूक, आणि कुणाच्याही पुस्तकात मिळेल असं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, गुरुवारी, राधिकाने शाळेतल्या शिक्षिकेचा शेरा व्हॉट्सॅपवर पुढे पाठवला. 'निबंध नीटनेटका आहे, पण तुझं म्हणणं कुठे गेलं? पहिल्या आराखड्यातला कायद्याचा मुद्दा का काढलास? तो सर्वांत चांगला होता.' खाली राधिकाने लिहिलं होतं, 'ताई, कुठला हो हा मुद्दा? सोमवारी दुपारी बाराच्या आत द्यायचाय.'

 कुकर तसाच बंद करून मधुमतीबाई बेडोकच्या लायब्ररीत गेल्या. तिसऱ्या पुस्तकात सापडलं. एकवीस ऑगस्ट. पार्लमेंटच्या कागदांचा हवाला खाली तळटिपेत दिलेला. त्यांनी ते पान चारदा वाचलं. त्याच पुस्तकात पुढे त्या काळच्या विद्वानांबद्दल होतं, की कुणी सांगितलं म्हणून मानू नका, मूळ कागदाकडे जा, हा त्यांचा आग्रह. हेच वाक्य मधुमतीबाई प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगत. आणि स्वतः गेल्या कुठे? तीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी तासाला उतरवून घेतलेल्या वहीकडे.

आजच सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग वाटलं, फोनवर नको. शनिवारी राधिकाकडे हळदीकुंकू आहेच. पोरीला बाजूला घेऊन सांगू, हातात दीड दिवस उरतो, तीन वाक्यं परत घालायला अर्धा तास पुरे.

शनिवारी काँडोच्या खालच्या हॉलमध्ये वीस-बावीस बायका जमल्या होत्या. वाण म्हणून घडीचे डबे होते, हॉकर सेंटरवरून जेवण बांधून आणायला सोयीचे. मधुमतीबाई ऋग्वेदाला शोधत होत्या, तेवढ्यात राधिकाने त्यांना हाताला धरून मध्ये नेलं.

"आमच्या ऋग्वेदाच्या इतिहासामागे या आहेत बरं का! एक तारीख चुकू देत नाहीत."

"माझ्या पूर्वीलाही घ्या ना, ताई," जमलेल्यांतली नीता म्हणाली. "तिला तर काल काय झालं तेही आठवत नाही."

बायका हसल्या. कुणीतरी गजरा माळला. ऋग्वेदा आईच्या खुणेवर पुढे आली आणि वाकून नमस्कार करून गेली. मधुमतीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, 'यशस्वी हो' म्हणाल्या, आणि तिळगूळ खाऊन घरी आल्या.

रविवारी उल्हासराव पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मधु, सकाळपासून तो फोन हातात घेतेस नि ठेवतेस. एकदाचा लाव की."

"काल एवढ्या बायकांसमोर तिने मला नमस्कार केलाय."

"मग? तिला परत करायचा आहे का तो?"

"तुम्हाला सगळ्याची थट्टाच सुचते!"

"थट्टा नाही. उद्या बारानंतर लावून काय उपयोग, एवढंच म्हणतोय."

'ऋग्वेदा बाळ, एक गोष्ट सांगायची होती' इतकं त्यांनी चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं. सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी अखेर फोन लावला. बंद होता. शाळेच्या वेळात मुलांचे फोन बंद असतात, हे बावीस वर्षांत त्यांना पाठ झालं होतं. पाठ होतं म्हणूनच तर मुद्दाम त्या वेळी लावला नसेल ना? हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला आणि उत्तर आल्यावर भाजी चिरायला बसल्या.

साडेतीनला मेसेज आला. 'सबमिटेड! थँक्यू मावशी', आणि जोडलेले हात.

पुढचे दहा दिवस मावशींनी बाकीच्या मुलांच्या कागदांवर एकही रेघ मारली नाही. नुसतं 'हे कुठे वाचलंस?' असं विचारत राहिल्या. मुलांना वाटलं, मावशींना बरं नाही.

अकराव्या दिवशी राधिकाचा फोन आला. आवाज उतरलेला. "ताई, ही युनिव्हर्सिटीत हिस्टरीला अर्ज करायचा नाही म्हणते. बिझनेसला जाते म्हणते. विचारलं तर म्हणते, मला स्वतःचं असं काही सुचत नाही, सुचलं तरी चुकीचं असतं. येत्या गुरुवारी शाळेत त्या निबंधावर तोंडी प्रश्न विचारणार आहेत, त्यालाही नुसतं 'व्हॉटेव्हर'. तुम्ही जरा समजावता का? तुमचं ऐकते ती."

"तेच तर झालंय," मधुमतीबाई म्हणाल्या. "मी येते."

बेडोक नॉर्थला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलं की त्याच लाइनीवर थेट किंग अल्बर्ट पार्क. गाडी बदलायची नाही, त्यामुळे मध्येच उतरून परत फिरायचं निमित्तही नाही. दार राधिकाने उघडलं. ऋग्वेदा सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती.

"तुम्ही दोघी बोला, मी चहा टाकते," राधिका म्हणाली.

"नको. तूही बस."

मग त्यांनी सांगितलं. तीन वाक्यं बरोबर होती. मी खोडली. निबंध द्यायच्या आधीच्या गुरुवारी मला कळलं, सोमवारपर्यंत वेळ होता, आणि मी बोलले नाही.

राधिकाने विचारलं, "गुरुवारी? म्हणजे ताई, हळदीकुंकवाला आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग माझ्या घरात, माझ्यासमोर..."

"तू माझं कौतुक केलंस. मला ते गोड लागलं. तिळगुळापेक्षाही." मधुमतीबाई म्हणाल्या. "याहून दुसरं कारण नाही गं. शोधलं मी, नाही सापडलं."

राधिका उठून खिडकीपाशी गेली. तेवढ्यात सोफ्यावरून हळूच आवाज आला.

"आय न्यू, मावशी."

"काय?"

"मी बरोबर होते, आय न्यू. बुक माझ्या बॅगेत होतं. घरी जाऊन परत चेक पण केलं."

मधुमतीबाईंनी विचारलं, "मग वाक्यं परत का नाही घातलीस?"

"तू रेघ मारली होतीस ना." पोरीने खांदे उडवले. "मम्मा म्हणते, मावशींशी आर्ग्यू करायचं नाही. आणि तू इतकी शुअर होतीस. मला वाटलं, तुला वाईट वाटेल. सो आय डिलीटेड."

राधिका खिडकीपासून वळली.

चुकीची तारीख ही आपल्या चुकांमधली लहान चूक होती, हे मधुमतीबाईंना तेव्हा कळलं. बरोबर असूनही गप्प कसं बसायचं, ते या मुलीला त्यांनी आपल्याच टेबलावर शिकवलं होतं. आणि ती ते छान शिकली होती.

"येत्या गुरुवारी बाईंनी विचारलं, मुद्दा का काढलास, तर काय सांगशील?"

"आय डोन्ट नो. वर्ड लिमिट?"

"खोटं नको. खरं सांग. एका मोठ्या बाईने चूक म्हटलं म्हणून काढला. माझं नाव सांग."

"कॅन मेह? चालेल असं? तुझं नाव खराब होईल."

"होऊ दे. आणि मग तुझा मुद्दा सांग, पूर्ण. आत्ता मला सांग. मी तशीच अडवणार, त्या दिवशीसारखी. थांबायचं नाही."

पहिल्या वेळी ऋग्वेदा दुसऱ्याच वाक्याला अडखळली. मावशींनी नुसत्या भुवया उंचावल्या, तर ती "ओके, मेबी..." म्हणून गप्प झाली. दुसऱ्या वेळी हसायला लागली. राधिकाने चहा आणून ठेवला आणि मावशींच्या पुढचा कप जरा जोरातच आपटला. तिचा राग गेलेला नव्हता. तो लगेच जावा असं मधुमतीबाईंनाही वाटत नव्हतं. तिसऱ्या वेळी पोर १४९५ च्या कायद्यापर्यंत पोचली.

"पण पार्लमेंटने त्याला राजा केलं म्हटल्यावर," मधुमतीबाई अडवत म्हणाल्या, "तारीख मागे न्यायची गरजच काय?"

"नो, मावशी." ऋग्वेदा पाय खाली सोडून ताठ बसली. "पार्लमेंटने नाही केलं. राज्याभिषेक ऑक्टोबरमध्ये, पार्लमेंट नोव्हेंबरमध्ये. मुद्दाम आधी क्राउन घातला, म्हणजे कुणी म्हणू नये की आम्ही तुला राजा केलं. हाच तर पॉइंट आहे!" मग तिला संशय आला. "तू मुद्दाम चुकलीस ना? टेस्ट घेत होतीस?"

हो म्हणणं सोपं होतं. मायलेकी दोघी त्यांच्याकडे बघत होत्या.

"नाही गं," मधुमतीबाई म्हणाल्या. "खरंच चुकले. महिने डोक्यात उलटे बसले होते."

"अय्यो, मावशी!" ऋग्वेदा उठली. "थांब, बुक आणते. मी सांगते म्हणून मानू नको."

ती आत गेली. राधिकाने कप जरा मावशींच्या जवळ सरकवला आणि म्हणाली, "घ्या. गार होतोय." एवढंच. निबंध शाळेत गेला होता तसाच गेलेला होता, त्या तीन वाक्यांविना, आणि त्याला आता कुणी हात लावू शकत नव्हतं. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. मधुमतीबाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि पुसून डोळ्यांवर चढवला.