दोन बहिणी, दोन सुया

मी चंद्रपुरात ब्लाउज शिवते. दंडाचं माप घ्यायला टेप गुंडाळला की बायका श्वास आत ओढतात. मी दरवेळी म्हणते, "दंड काई श्वासानं बारीक होत नाई बाप्पा, सोडा आता." अशी मी फटकळ. पण स्वतःचं माप घ्यायची वेळ आली की टेप गळ्यातच लोंबत राहायचा. मशीनवर बसून बसून अंग सुटलं होतं, आणि गुडघ्यांनी असा जीव घेतला होता की दुकानाच्या दोन पायऱ्या मी भिंत धरून उतरायची.

मोठी बहीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला बाई म्हणते. तीही चंद्रपुरातच, दोन मोहल्ले सोडून राहते. तिचं अंग माझ्यासारखंच, वरून साखरेचा आजार. दोघी एकाच दिवशी एकाच डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर तरुण होते, पण घाई करणारे नव्हते. त्यांनी टेबलावर दोन पेनं ठेवली. दिसायला लिहायचीच, पण आत औषध आणि टोकाला केसाएवढी सुई.

"दोन्ही आठवड्यातून एकदा, पोटाच्या कातडीत घ्यायची," ते म्हणाले. "दोन्हींनी भूक कमी होते, खाल्लेलं पोटात जास्त वेळ राहतं. ही जुनी, ही आतड्यातल्या एका संप्रेरकासारखी काम करते. ही नवी, ही दोन संप्रेरकांसारखी. नवीनं साधारणपणे वजन जास्त उतरतं. पण कोणाला काय मानवेल ते आधी सांगता येत नाही. दोन्हींनी मळमळ होऊ शकते, म्हणून छोट्या डोसपासून सुरुवात करून हळूहळू वाढवायचं."

बाईला साखर होती म्हणून तिला त्यांनी नवी लिहून दिली. मला जुनी. मी म्हटलं, "काऊन डॉक्टर, मी काय सावत्र हाव?" ते हसले. म्हणाले, "आधी हिच्यावर पाहू. नाही जमली तर बदलू."

रविवारी सकाळी बाईच्या स्वयंपाकघरात आमचा कार्यक्रम असायचा. तिच्या फ्रिजमध्ये दह्याच्या डब्यामागे दोन पेनं, झाकणावर मी लाल आणि हिरवा धागा बांधलेला, अदलाबदल नको म्हणून. आधी ती टोचून घ्यायची, मग मी. मग मी टेप काढायची आणि आम्ही एकमेकींच्या कमरा मोजायचो. बाईला काहीच झालं नाही. थोडे ढेकर, थोडं बद्धकोष्ठ, बस. आणि कंबर मात्र आठवड्याआठवड्याला आत. माझं उलटं. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं, दोन घास गेले की तिसरा गळ्याशी अडायचा, आणि इतकं सोसून टेपवर फरक बोटभर. मला बाईचा राग यायचा. सख्ख्या बहिणीचा, तिच्या कमरेवरून! आता लिहिताना लाज वाटते, पण यायचा.

आमची माय आरमोरीजवळच्या खेड्यात, धाकट्या भावाकडे राहायची. जन्मभर तिनं लोकांच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभं राहून धानाची रोवणी केली. तिच्या अंगावर मांस असं कधी नव्हतंच. त्यामुळं माझं हे सुटलेलं अंग तिच्या लेखी तिची कमाई होती. मी माहेरी गेले की माझा दंड हातात धरून शेजारणींना दाखवायची, "पाह्य, माही लेक कशी भरली." मी हात सोडवून घ्यायची, पण मनातून बरं वाटायचं.

आणि तिचं सगळं बोलणं जेवणातून. आमच्या घरात भांडण तोंडानं झालेलं मला आठवतच नाही. ज्याला राग आला तो जेवायचा नाही. बाबा चिडले की ताट सरकवून उठायचे. माय चिडली की सगळ्यांना वाढून स्वतः उपाशी निजायची. आणि मी तर त्यात सगळ्यांच्या वरची. चौथीत असताना रोवणीसाठी माझी शाळा बुडवली, तर मी दीड दिवस अन्नाला शिवले नव्हते. शेवटी मायनंच मला बखोटीला धरून शाळेत नेऊन सोडलं. ही पोरगी जेवत नाही म्हणजे हिच्या मनात काहीतरी आहे, हे तिनं तेव्हापासून धरून ठेवलेलं.

सुई सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात भावानं आम्हा दोघींना आरमोरीला बोलावलं होतं. बाबांच्या जमिनीवरचा आमचा हक्क सोडायचा कागद होता. आमच्याकडे बहिणी सोडतातच, त्यात नवल नाही. पण तो शब्द भावानं नाही, मायनं टाकला होता. बाईनं झटकन सही केली. माझ्या वेळी कचेरीतला कारकून म्हणाला, "राजीखुशीनं ना, ताई?" आणि मी क्षणभर थांबले. कशासाठी थांबले, मला आजही नीट सांगता येत नाही. जमीन मला नकोच होती. मग सही केली. पण माय शेजारी उभी होती आणि तिनं ते थांबणं पाहिलं.

सुई लागल्यावर पहिल्यांदा माहेरी गेले ते पावसाळ्यात. मायनं वास्त्याची भाजी केली होती, कोवळ्या बांबूच्या कोंबांची. ती साफ करून, उकळून, पाणी बदलून करायची म्हणजे अर्धा दिवस जातो. मी चार घास खाल्ले आणि हात धुतला.

"काऊन वं?"

"बसमधी मळमळलं, माये."

 तिनं ताट उचललं नाही, त्यातल्या भाजीकडे पाहत बसली.

पुढच्या वेळी आम्ही दोघी बहिणी गेलो. बाईनं पाटावर बसल्या बसल्या सांगून टाकलं, "माये, मले थोडंच वाढजो. मी सुई घेऊन राह्यली वजनाची, मले भूकच लागत नाई." माय आधी घाबरली, मग हसली. "अवं माय! भूक मारासाठी सुई? आमच्या टायमाले भूक मारासाठी पाणी होतं." आणि तिला बिनतक्रार अर्धं ताट वाढलं. माझं मात्र लपून राहिलं. बसमधून जाताना मीच बाईला शपथ घातली होती की माझ्या सुईचं सांगायचं नाही.

का नाही सांगितलं? हा प्रश्न मला आजही खातो. बाईला साखर होती, तिच्यासाठी ते औषध होतं. मला काय होतं? गुडघे दुखत होते, हे खरं. पण त्याहून खरं हे की मला आरशातली मी आवडत नव्हती. तिनं स्वतः उपाशी राहून जे माझ्या अंगावर चढवलं, ते मी सुई टोचून उतरवते आहे, हे तिच्या तोंडावर बोलायला माझी जीभच उचलेना. एवढी फटकळ मी, आणि नेमकी तिथं मुकी झाले.

त्यानंतर मी एकटीच गेले. मायनं गोळाभात केला होता. माझ्यासमोर बसून राहिली. मी बेसनाचे दोन गोळे फोडले आणि भात इकडून तिकडे करत बसले.

"तुह्या बहिणीची भूक सुईनं गेली," माय म्हणाली. "तुही कायनं गेली?"

"काई नाई, माये."

"कागदावर सही कराले लावली म्हणून?"

"नाई वं माय! देवाशपथ नाई."

"मंग जेव."

मी मोठा घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला उठून मागच्या दारी पळाले आणि सगळं बाहेर आलं. माय तांब्या घेऊन मागून आली. पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला पाणी दिलं. तेव्हा सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं, खरंच आलं होतं. पण मी म्हटलं, "पित्त झालं." तिनं मान हलवली. तिला पटलं नाही, हे मला दिसत होतं.

आठ दिवसांनी भावाचा फोन आला. आवाज चढलेला. "तू मायले काय सांगतलं? ते म्हणून राह्यली, कागद फाड, लेकीचा हिस्सा लेकीले दे. रोज तेच."

"मी काई नाई सांगतलं, बाबू."

"मंग ते काऊन रडते?"

फोन ठेवला आणि मशीनवर डोकं टेकून मी ढसाढसा रडले. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, तेही निघून गेलं. बाईला सांगितलं तर ती म्हणाली, "आत्ताच्या आत्ता फोन लाव अन् सांग." पण मायला फोनवर धड ऐकू यायचं नाही, भावजयीला मोठ्यानं ओरडून सांगावं लागायचं. आणि सांगितलं तरी ती मानली नसती. सही डोक्यात बसल्यावर तिला वाटलं असतं, पोरगी समजूत काढून राह्यली. तिला एकच गोष्ट पटली असती. मी तिच्यासमोर बसून ताट साफ करायचं, आणखी मागायचं, आणि मग सांगायचं.

म्हणून मी सुई बंद केली. डॉक्टरांना नंतर सांगितलं. ते चिडलेच, "मनानं बंद करायची नसते, आधी विचारायचं." मी विचारलं, भूक कधी येईल? म्हणाले, "आठवड्याची सुई लगेच उतरत नाही. औषध अंगातून जायला महिना तरी धरा." मी म्हटलं, बाईची नवी असती तर लवकर गेली असती का? ते म्हणाले, या बाबतीत दोघींत फार फरक नाही.

मग मी भुकेची वाट पाहत बसले. एवढी वर्षं जिला शिव्या घातल्या, तिची. रोज सकाळी पोह्यांचा वास घेऊन पाहायची, ढवळतं का. नवऱ्याचा डबा भरताना एक घास तोंडात टाकून थांबायची. दुसऱ्या आठवड्यात मळमळ गेली, पण भूक नाही. तिसऱ्या आठवड्यात अर्धी भाकर गेली. चौथ्या आठवड्यात एका दुपारी समोरच्या टपरीवर आलूबोंडा तळताना वास आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी उभ्या उभ्या दोन खाल्ले. बाईला फोन केला, "आली वं, बाई!" ती म्हणाली, "मंग रविवारी जा." मी भावजयीला कळवलं, रविवारी येते, मायले सांग.

रविवारच्या आधीच, मंगळवारी सकाळी भावाचा फोन आला. माय गेली होती.

आरमोरीच्या बसमध्ये बाई माझा हात धरून बसली होती.  पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि मायला बाहेर आणलेलं होतं. ती इतकी लहान दिसत होती की मी आधी दुसरीकडेच पाहत राहिले. तिचे पाय धरले. मग जे काय ओरडले ते मला आठवत नाही. बाईनं सांगितलं, मी नुसतं "रविवारी येणार होती न वं" एवढंच म्हणत होते.

पुरुष तिला घेऊन गेल्यावर भावजय माझ्याजवळ येऊन बसली. दोन दिवस ताप होता म्हणाली. औषध आणलं होतं, उतरलाही होता.

"मले काऊन नाई कळवलं?"

ती पदर तोंडाशी धरून रडायला लागली. "मी म्हटलं ताईले बलावू. तर म्हणे नको. येईल अन् उपाशी उठून जाईल. मले पाह्यवत नाई म्हणे."

रविवारी येते हा माझा निरोप तिनं मायला दिला होता का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. आजवर विचारलेलं नाही.

मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारचे भात-वरण आणतात आणि घरच्यांना बसवून खाऊ घालतात. त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. नावाला एक-दोन घास खायचे असतात, कोणाला जात नाहीत. माणसं घाटावरून आंघोळ करून परतली आणि आम्ही ओसरीत ओळीनं बसलो. भाऊ माझ्यासमोर होता. शेजारच्या काकूंनी माझ्यासमोर ताट ठेवलं. गरम भाताची वाफ तोंडावर आली आणि माझ्या पोटात भुकेचा असा डोंब उसळला की मी हादरले. सकाळपासून पोटात पाणीही नव्हतं, तेही असेल. पण ही टपरीवरची चुणूक नव्हती, ती माझी जुनी भूक होती, पुरी, धडधाकट, पाच महिन्यांनी परत आलेली. आज! मेलीला आजच यायचं होतं.

मी एक घास खाल्ला. मग दुसरा. मग थांबता येईना. डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं आणि हात चालूच होता. बाईच्या ताटात भात तसाच होता, तिची नवी सुई चालू होती, आणि तसंही कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. फक्त मी खात होते. ताट पुसून खाल्लं. काकूंनी न विचारता आणखी वाढलं, तेही गेलं. मग मी मान वर न करता म्हटलं, "अजून भात आहे का?"

 भावानं हातातला घास खाली ठेवला. माझ्या ताटाकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात, खरंच विचारावं तसं, त्यानं विचारलं, "गेला का वं, ताई, राग?"

काकूंनी वाढलेल्या भाताचा मी पुढचा घास घेतला.