वहिनीची जहाल मिश्री

हे आत्ताच्या आत्ता सांगून टाकते. भात चुलीवर आहे, उतू गेला तर जाऊ दे. आई चार दिवस माझ्याकडं लोणावळ्याला आलीय आणि आत्ता मागच्या पायरीवर एकटीच बसून मिश्री लावतेय. तिची ती वाकलेली पाठ बघितली आणि मला वहिनीची डबी आठवली. आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

जर्मनच्या लढाईच्या आधीची गोष्ट. आमचं गाव कामशेतच्या पुढं, आत. मी तेव्हा नुकतीच परकर सोडून लुगडं नेसायला लागले होते. सकाळी शेणगोठा झाला, पाणी भरून झालं की आळीतल्या बायका आमच्या दारातल्या लांब दगडावर येऊन बसायच्या आणि मिश्री लावायच्या. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं दातांना घासत बसायचं. एवढंच. पण म्हणजे बघा, बाईला दिवसभरात बसायला मिळायचं ते तेवढंच. मिश्री लावणारीला कुणी ऊठ म्हणत नसे, आमचे आजोबासुद्धा नाही. नुसती बसली असती तर लगेच कुणीतरी ओरडलं असतं, "हाताला काम न्हाई व्हय गं?"

वहिनी तळेगावची. लग्न होऊन आली तेव्हा मिश्री लावत नव्हती. आणि स्वभावानं इतकी अबोल की काही विचारलं तर आधी पदर नीट करायची, मग उत्तर शोधायची, तोवर विचारणारी निघून गेलेली असायची. बायकांना वाटलं गर्व आहे.

आमच्या आईची जीभ तर विळ्यासारखी. ती सगळ्यांदेखत म्हणायची, "सगळं दिलं हिच्या बापानं, जीभ तेवढी तळेगावातच ऱ्हायली."

शेजारची मावशी म्हणायची, "तितं बोलायला पैसं पडत असत्याल."

सगळ्या हसायच्या. वहिनी आत चुलीपाशी, कान लाल.

मग एक दिवस कुणीतरी तिला चिमूटभर मिश्री देऊ केली. नको म्हणणं तर अजूनच उद्धट दिसलं असतं. तिनं घेतली. चक्कर आली, ओकली, पण दुसऱ्या दिवशी परत दगडावर जाऊन बसली. मला नंतर म्हणाली, "तोंडात बोट असलं की कुणी काही विचारत नाही. नुसतं उं केलं तरी चालतं. आणि माणसात बसता येतं." मला हे वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं. तिचा अबोलपणा तोच होता, फक्त आता तो कुणाला खुपत नव्हता. बायका सरकून तिला जागा द्यायला लागल्या.

आणि मिश्री तिला धरून बसली. आधी सकाळी, मग जेवणानंतर, मग भात लावताना मधेच बांधावर. चूल पेटवायच्या आधी डबी. जेवण निम्म्यावर आलं. आमच्या घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, उलट आई म्हणाली, "आता कशी घरातली वाटती."

एका पावसाळ्यात नदीला पाणी चढलं, कामशेतला जाता येईना, घरातली तंबाखू संपली. वहिनीचं डोकं ठणकायला लागलं. मी तिच्याकडं वाटीभर पीठ मागितलं तर माझ्यावर खेकसली. ती, जी कोंबडीला हाकलतानाही हळू बोलायची. थोड्या वेळानं बघते तर ती मिश्रीचा तवा मांडीवर घेऊन त्याची काळी चिकटलेली पूड नखानं खरवडत होती आणि रडत होती. म्हणाली, "मला हे नकोय गं. पण सोडली तर मी परत चुलीपाशी."

सोडून बघितली तिनं. पाणी उतरल्यावर एका सकाळी दगडावर तशीच जाऊन बसली, हात मांडीवर. मावशी म्हणाली, "काय गं, सोवळी झालीस? आमी बाटलेल्या व्हय?" कुणी वाईट मनानं नव्हतं म्हणत, पण वहिनी उठली, आणि दुपारी परत डबी.

तेव्हा आम्ही दोघींनी एक युक्ती केली. तिच्या माहेरी राखुंडीनं दात घासायचे. आपल्याकडं भाताचं तूस काय कमी? तूस जाळलं, राख चाळली, मीठ घातलं. डबीत भरल्यावर मिश्रीसारखीच काळी. वहिनी सकाळी ती लावत दगडावर बसायला लागली. दिवसा लयच तलफ आली की भाजका चिंचोका गालात धरायची. मधे दोनदा घसरलीसुद्धा, मला सांगायची आणि परत राखेवर यायची.

पण एक गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. मिश्रीची डबी कुणी आपल्यापुरती ठेवत नाही. एका सकाळी आईची डबी रिकामी निघाली आणि तिनं वहिनीपुढं तळवा केला. "आण गं चिमूट."

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. मी काय करणार? तिनं चिमूट दिली. आईनं बोट तोंडात घातलं, घासलं, आणि बोट थांबलं. मी मनात म्हटलं, झालं. आता ही जीभ सुटणार आणि वहिनी जन्मात परत या दगडावर बसणार नाही.

आईनं वहिनीकडं बघितलं. वहिनीच्या ओठांवर काळं, डोळ्यांत पाणी. मग आईचं बोट परत हळूहळू चालायला लागलं.

मावशीनं हात पुढं केला. "मला बी दे गं, बघू."

आई पचकन थुंकली. "नगं. लय जहाल हाय तिची. तुला न्हाई पेलायची, माझी घे उद्या."

"आता गं बया. सुनंची जहाल आन सासूची मवाळ? तुज्या घरात उलटंच की समदं."

सगळ्या हसल्या आणि वहिनीही हसली. काळ्या दातांनी, पदर तोंडावर न घेता. तिला असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

घरात आल्यावर आईनं विचारलं, "राख व्हय?"

"व्हय, आत्याबाई."

"मग दगडावर यायचं कशापायी?"

वहिनीनं पदर नीट केला, उत्तर शोधलं. आई थांबली. ती कधी थांबत नसे, पण थांबली. वहिनी म्हणाली, "बसायला आवडतं. बोलायला जमत न्हाई मला."

आई म्हणाली, "मीठ कमी टाक जरा. हिरड्या झोंबल्या माज्या."

त्यानंतर कुणी वहिनीपुढं हात केला की आई आपली डबी पुढं सारायची, आणि वहिनीच्या जहाल मिश्रीचं नाव आळीभर झालं. आईची स्वतःची काही सुटली नाही. "ती काय आता मला सोडायची न्हाई, मीच तिला सोडली तर सुटंल," असं म्हणते आणि सोडत नाही.

आणि आज ती माझ्या पायरीवर बसलीय. इथं आमच्या आळीत रेल्वेतल्या नोकरदारांची बिऱ्हाडं. शेजारणींनी मघाशी बघितलं, नाकाला पदर लावला आणि दार लोटून घेतलं. आईची विळ्यासारखी जीभ इथं अगदी गप्प आहे. पुण्याकडची भाषा आपल्याला येत नाही म्हणते. पदर सारखा नीट करतेय.

माझ्या फळीवर तुसाच्या राखेची डबी आहे, वहिनीनंच भरून पाठवलेली. ती घेऊन मी चाललेय पायरीवर. आई सरकून जागा देईल, मला माहीत आहे.

तुमच्याकडं झालं का हो असं कधी? नुसतं कुणाच्या तरी शेजारी बसता यावं म्हणून कुणी काही लावून घेतलं, आणि ते सुटावं म्हणून कुणी गुपचूप सरकून जागा दिली?