हिल्का रांगेत आहे

हिल्का सावेला चौसष्ट वर्षांची झाली तरी एकटीने परदेशी गेली नव्हती. सोबतीनेही एकदाच गेली होती, शाळेच्या स्वयंपाकघरातल्या बायकांबरोबर बोटीने स्टॉकहोमला. तेव्हा बाकीच्या नाचायला गेल्या आणि ही खोलीत बसून सगळ्यांच्या बॅगा राखत होती. तिला कोणी राखायला सांगितलं नव्हतं. "तू का नाही येत?" असंही कोणी विचारलं नव्हतं, आणि कोणी विचारल्याशिवाय जायचं म्हणजे काय, हे हिल्काला या वयातही उमगलेलं नव्हतं.

आमच्या फिनलंडमधल्या फोर्सा गावात अशी माणसं पुष्कळ आहेत, पण हिल्काने कमाल केली होती. चौतीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात डाव चालवला. दर गुरुवारी वाटाण्याचं सूप आणि समोर चारशे पोरांची रांग. त्या खोलीत तिचा एक आवाज लागायचा की भिंतीवरचं घड्याळसुद्धा सरळ व्हायचं. बाहेर पडली की मात्र तिच्या तोंडातून शब्द निघत नसे. स्वतःसाठी काही मागायचं असलं की तर नाहीच नाही.

"गेल्या हिवाळ्यात बूट घेऊन आलीस," तिची थोरली बहीण इर्मा म्हणाली. "दोन्ही उजव्या पायाचे. बदलून आणलेस?"

"बूट चांगले आहेत."

"दोन्ही उजवे आहेत, हिल्के!"

"लोकर मऊ आहे आतली."

इर्माने कपाळावर हात मारून घेतला. हा संवाद चालला होता हिल्काच्या स्वयंपाकघरात, गावापासून आठ किलोमीटरवर, तळ्याकाठच्या वडिलांनी बांधलेल्या घरात. सरपणावर तापणारा सौना, म्हणजे आमचं वाफेचं न्हाणीघर, गळायला आलेलं छप्पर आणि मागे जंगल. दोन वर्षांपूर्वी इर्माचा नवरा कौको वारला, तेव्हापासून तिने एकच धोशा लावला होता: हे घर विक आणि गावात माझ्या फ्लॅटवर राहायला ये. बर्फ कोण काढणार? छपरावर कोण चढणार? पडलीस तर कोण उचलणार? हिल्का मान हलवायची आणि कॉफी ओतायची. ते घर गेलं तर आपलं काय उरेल, हे तिला बोलून दाखवता आलं नसतं.

म्हणूनच तर तिने विमानाचं तिकीट काढलं. पोर्तोचं. पोर्तोच का, तर तिच्या पैशांत विमान न बदलता त्यापेक्षा लांब जाता येत नव्हतं म्हणून. एक आठवडा, एकटीने. "मला एकटीला जमतं" हे तोंडाने म्हणण्यापेक्षा तिला पोर्तुगालला जाणं सोपं वाटलं.

इर्मा हसली. मग तिने पैज लावली. "पहिल्याच दिवशी तुझा फोन येतो की नाही बघ. 'इर्मा, आता काय करू?' तो आला की मुकाट्याने घर विकायचं. कबूल?"

हिल्काने बराच विचार केला. आमच्याकडे विचार करायला वेळ लागतो आणि तो द्यावा लागतो. "आणि तुझाच फोन आला तर?"

"माझा? मी कशाला करीन बाई! तुझ्या झाडांना बुधवारी पाणी घालीन, बास."

"कबूल," हिल्का म्हणाली.

तर ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी हिल्का पोर्तोच्या एका उभ्या चढाच्या गल्लीत, चाकांची बॅग ओढत, धापा टाकत पोचली. बॅगेत राईचा पाव दोन किलो आणि कॉफीचं एक पाकीट, कारण परक्यांच्या कॉफीचा भरवसा काय! भाड्याने घेतलेल्या खोलीच्या मालकाने कळवलं होतं: खोली वर, चावी खाली पावाच्या दुकानात ग्रासिएतबाईंकडे, शनिवारी दुकान एकला बंद. सगळं कसं स्वच्छ लिहिलेलं. हिल्काला हायसं वाटलं.

दुकानाबाहेर सात-आठ माणसं होती. हिल्काने आधी नंबराच्या चिठ्ठ्यांचं यंत्र शोधलं. आमच्याकडे औषधाच्या दुकानात जा, बँकेत जा, दारातच यंत्रातून नंबर निघतो. तो मुठीत आला की माणूस निर्धास्त, मग कोणाशी बोलायला नको की कोणाकडे बघायला नको. तिने दाराच्या दोन्ही बाजू पाहिल्या, कुंडीच्या मागे पाहिलं. यंत्र नव्हतं. म्हणजे आता नुसतंच रांगेत उभं राहायचं होतं.

ती उभी राहिली. सभ्य माणसाने राहावं तशी, पुढच्यापासून दीड मीटर सोडून. त्याच्या कोटाला आपला वारा लागू नये, त्याला आपला श्वास ऐकू येऊ नये. फुटपाथवर एक खांब होता, त्याच्याशेजारी जागा बरी वाटली. बॅग पायाशी सरळ ठेवली आणि हिल्का वाट बघू लागली. वाट बघण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पाच मिनिटांत एक बाई कुत्र्याला घेऊन आली आणि त्या दीड मीटरमध्ये जाऊन उभी राहिली. हिल्काने मनाशी म्हटलं, बिचारीने आधीच नंबर लावला असेल, कुत्र्याला फिरवायला गेली असेल. मग दोन म्हातारे आले. त्यांचे पाय दुखत असतील. मग गाणं गुणगुणणारा एक जाडा गृहस्थ आला. त्याला काय सबब द्यावी, हे हिल्काला पटकन सुचेना, तेव्हा त्याचीही तिने तब्येतच बिघडवली. अशा रीतीने पाऊण तासात तिने अर्ध्या मोहल्ल्याला कसला ना कसला आजार वाटून टाकला आणि स्वतः होती तिथेच राहिली.

मध्येच एक बस येऊन तिच्यासमोर थांबली. चालकाने दार उघडलं, हिल्काकडे पाहिलं. हिल्काने नम्रपणे मान हलवली. त्याने खांदे उडवले आणि दार लावलं. वीस मिनिटांनी दुसरी बस आली, पुन्हा तेच. इथले बसवाले फार आपुलकीचे आहेत, असं तिने ठरवून टाकलं. दुकानातून पिठाने माखलेली एक बाई तिच्याकडे बघून काहीतरी मोठ्याने ओरडली आणि हसली. हिल्काला अक्षर कळलं नाही, पण ती हसली म्हणून हिल्काने मान डोलावली. बाईनेही डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली.

एकला दहा मिनिटं होती. दुकानात तिघंच उरले होते. पिठाची बाई लोखंडी आकडा घेऊन दाराशी आली आणि तिने वरचं शटर खडखडत अर्ध्यावर ओढलं.

दुकान सोमवारी उघडणार. दोन दिवस ती कुठे राहणार? हात आपोआप खिशात गेला, फोन निघाला, पडद्यावर इर्माचं नाव आलं. अंगठा त्यावर टेकायचाच बाकी होता. तिकडून काय ऐकू येणार, हे तिला ठाऊक होतं. इर्मा हसणार नाही, ओरडणारही नाही. नुसतं "हं" म्हणेल. त्या एका "हं"मध्ये तळं जाईल, सौना जाईल, वडिलांनी रंधा मारलेली ओसरी जाईल.

तिने फोन खिशात टाकला. बॅग उचलली. ते दीड मीटर ओलांडले, आणखी अर्धा ओलांडला, शटरखाली वाकली आणि शेवटच्या गिऱ्हाईकाच्या कोटाला कोट लागेल इतकी जवळ जाऊन उभी राहिली. आयुष्यात डॉक्टर सोडून परक्या माणसाच्या ती इतकी जवळ गेली नव्हती. तोंडातून बाहेर आला तो चारशे पोरांवर चालवलेला आवाज, तोही अस्सल फिनिशमध्ये.

"मी! आता माझी पाळी!"

एकाच्या हातातला पाव खाली पडला आणि त्याने तो मुकाट्याने उचलला.

"तुम्ही?" पिठाच्या बाई, म्हणजे ग्रासिएतबाईच, मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "तुम्ही तर बसची वाट बघताय!"

"मी रांगेत आहे," हिल्का तितक्याच मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "अकरा वीसपासून. चावी पाहिजे."

"अहो, तो बसचा थांबा आहे! मी तुम्हाला मघाशी विचारलं ना, बसला का थांबलाय म्हणून? तुम्ही हो म्हणालात!" मग बाईंनी सगळ्यांना पोर्तुगीजमध्ये हकिगत सांगितली आणि हशा उसळला. जाड्या गृहस्थाने दोन्ही हात जोडून माफी मागितली. त्याला निदान सर्दी तरी नाही, हे बघून हिल्काला बरं वाटलं.

ग्रासिएतबाईंनी तिला दंडाला धरून खुर्चीत बसवलं, दालचिनी भुरभुरलेला गरम टार्ट पुढे केला आणि अंगठ्याएवढ्या कपात कॉफी दिली. हिल्काला वाटलं, ही चव बघायला, खरी मागून येईल. ती आलीच नाही.

"असं लांब उभं नाही राहायचं, बाईसाहेब," चावी देताना ग्रासिएतबाई म्हणाल्या. "लांब राहिलं की माणसाला वाटतं, हिला काही नकोच आहे. कोण विचारणार मग?"

दुपारी तीन वाजता खोलीत हिल्काने राईचा पाव कापला, स्वतःची कॉफी मोठ्या भांड्यात केली आणि खिडकीशी बसली. पहिला दिवस निभावल्यातच जमा होता. घर वाचलं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"मी बोलतेय," इर्मा म्हणाली.

"हो."

"पोचलीस?"

"पोचले."

"चावी मिळाली लगेच?"

हिल्काला खोटं बोलता येत नसे. "रांग होती." मग तिने कान दिला. "तू खोकतेस का?"

"मी तुझ्या घरी आलेय. झाडांना पाणी घालायला."

"ते बुधवारी घालायचं होतं."

"आज शनिवार, सौनाचा दिवस ना. म्हटलं आलेच आहे तर सौना पेटवावा. आमच्या फ्लॅटमध्ये नुसतं बटण फिरवायचं. इथे आत धूरच धूर झालाय, डोळे उघडत नाहीत. हिल्के, आता काय करू?"

वाक्य तोंडातून गेलं आणि दोघींना एकदमच ऐकू आलं.

"हा फोन धरायचा नाही हं," इर्मा म्हणाली.

"दार उघडं टाक. धुराड्याच्या उजवीकडे वर साखळी आहे, ती ओढ. झडप बंद राहिलीये."

खडखड ऐकू आली, मग खोकला, मग मोठा उसासा. "गेला धूर. हे सगळं कौको बघायचा गं."

दोन वर्षांत इर्माने त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं. हिल्काच्या हातातला पाव तसाच राहिला. दर शनिवारी ती आठ किलोमीटरवर एकटी सौना तापवून बसत होती आणि बहिणीला "ये" म्हणाली नव्हती. दुःखातल्या माणसाला एकटं राहू द्यावं, हवं असेल तर बहीणच मागेल, असं तिने धरलं होतं. आणि इर्माने काय मागितलं? घर विकायला सांगितलं. बर्फाचं कारण सांगितलं, छपराचं सांगितलं. हिल्काला स्वतःचा मनस्वी राग आला.

"इर्मा, आज तिथेच झोप."

"छे, छे, मी जाते घरी."

"झोप म्हटलं ना!" पुन्हा तो सुपाच्या डावाचा आवाज. "चादरी वरच्या कप्प्यात आहेत. पुढच्या शनिवारी मी येतेय, मी पेटवीन. त्याच्या पुढच्या शनिवारीही ये. दर शनिवारी."

"तुला चालेल?" इर्माचा आवाज एवढासा झाला होता. "तू कधी म्हणाली नाहीस."

"तूही नाहीस."

फोन कोणी ठेवला नाही. मग कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला.

"हिल्के, ते दोन उजवे बूट अजून इथेच आहेत."

"आहेत."

"तू आलीस की मी बदलून आणीन."

हिल्काने खिडकीतून खाली पाहिलं. खांबापाशी कोणीतरी एकटंच उभं होतं, बहुधा खरोखरच बससाठी.

"तू बरोबर ये," ती म्हणाली. "माझ्या शेजारी उभी राहा. पण दुकानात मी बोलणार."