माणूस फोडायचा नाही

आमच्या चिठ्ठीसरांसमोर 'अमुक केल्यानं गुण येतो' असं म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हणालंच, तर ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "चिठ्ठ्या हलवून बघितल्या का?" समोर मोठा डॉक्टर असो, नाहीतर 'आमची गुळाची चिक्की खाल्ली की किल्ला चढताना दम लागत नाही' म्हणणारा लोणावळ्याचा दुकानदार असो. तो दुकानदार तर सरांना लांबून बघूनच आत जायचा. काकू म्हणायच्या, "मी केलेली आमटी चांगली झाली असं म्हणायलासुद्धा यांना पुरावा लागतो, मीना. चाळीस वर्षं वाट बघतेय."

सर पुण्यात आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी वर्गात दोन किटल्या आणल्या, एकीत आल्याचा चहा, दुसरीत वेलदोड्याचा. प्रत्येकानं दोन्ही प्यायचे आणि दोन्हींना गुण द्यायचे. आल्याच्या चहाला गुण जास्त पडले. "खरंच जास्त, की उगाच?" सरांनी विचारलं, आणि पिशवीतून लाडवांचा स्टीलचा डबा काढला. दोन्ही चहा सारखेच असते, तर कुठल्या चिठ्ठीवर 'आलं' लिहिलंय आणि कुठल्या चिठ्ठीवर 'वेलदोडा', याला काही अर्थच उरत नाही. म्हणून नावांची अदलाबदल करायची, फरक पुन्हा काढायचा, पुन्हा अदलाबदल, पुन्हा फरक. अशा उगाच पडलेल्या फरकांच्या गर्दीत आपला फरक हरवला तर गप्प घरी जायचं. उठून दिसला तर बोलायचं.

वर्गातल्या शेळकेनं उत्साहानं सगळ्यांच्या चिठ्ठ्या डब्यात एकत्र ओतल्या आणि खळखळ हलवल्या. सर ओरडले, "अरे गाढवा, कुलकर्णीची जीभ स्वतःच्या तोंडात घातलीस की!" कुलकर्णी सढळ हातानं गुण देणारी, शेळके महाकंजूष. तिची चिठ्ठी याच्या नावावर गेली की चहा राहिला बाजूला, आपण माणसांचे स्वभावच मोजत बसतो. "एकाच माणसाला दोनदा विचारलंय ना? मग त्याच्या दोन चिठ्ठ्यांची आपसात अदलाबदल करा. माणूस फोडायचा नाही!" हे वाक्य आम्ही पुढे इतकं ऐकलं की वर्गात कुणाचं प्रेमप्रकरण मोडलं तरी तेच म्हणायचो.

निवृत्तीनंतर सर आणि काकू मळवलीला राहायला गेले. स्टेशनापासून चालत जाण्याजोगं, दोन खोल्या आणि पडवीचं घर, पुढे दुसऱ्याचं भातखाचर. शनिवार-रविवार शेजारच्या फार्महाउसवर गाणी लावून धुडगूस चाले, सोमवारी परत शांत. काकू कामशेतच्या शाळेत शिक्षिका होत्या. अखंड बोलायच्या. मी मेंदूच्या स्कॅनवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागले होते. ती सोमाटण्याला होती, तिथून महिन्यातून एकदा तरी मळवलीला जायचे, ते खरं सांगायचं तर काकूंच्या गप्पांसाठी. सर आपले कोपऱ्यात वर्तमानपत्रातल्या चुका शोधत बसलेले असायचे.

मग काकूंना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच शब्द उरला, "बरं." चहा देऊ का? बरं. पाय दुखतोय का? बरं. मी मीना, ओळखलंत का? बरं. सरांनी आयुष्यभर ज्या बाईला 'जरा थांब गं' म्हटलं, ती अशी थांबली. सर मात्र दुसऱ्याच आठवड्यापासून दुपारचा चहा झाला की काकूंच्या खाटेशी खुर्ची ओढून मोठ्यानं वाचायला लागले. काय वाचायचं याला धरबंध नव्हता. 'वडिवळे येथे दुभती म्हैस विकणे आहे'पासून विजेच्या बिलामागच्या सूचनांपर्यंत सगळं, आणि ते वाचता वाचता तक्रारी करणं. मधूनच विचारायचे, "ऐकतेस ना?" काकू म्हणायच्या, "बरं."

वरच्या वाडीवरची सगुणामावशी दिवसा येऊन काकूंचं सगळं करायची. ती म्हणायची, "सर, काकूंस्नी समदं कळतंय. तुमचा आवाज आला की बगा कशा शांत व्हत्यात." त्यावर सर म्हणायचे, "मावशी, मी न बोलता नुसता बसलो तरी होतील. तुम्ही बोललात तरी होतील." मावशी पदर तोंडाला लावून हसायची. "मंग हलवा तुमच्या चिठ्ठ्या," म्हणायची. पण सर हसायचे नाहीत. ती आत गेली की मला हळूच विचारायचे, "तुला काय वाटतं गं?" ज्या माणसानं मला 'वाटतं' हा शब्द परीक्षेच्या पेपरात लिहू दिला नव्हता, तो हे विचारत होता.

त्याच सुमाराला आमच्या प्रयोगशाळेत झटक्यानं बोलणं गेलेल्या लोकांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या घरांनी रोज रुग्णाला वाचून दाखवायचं, निम्म्यांनी नेहमीचेच उपचार चालू ठेवायचे. कुणी कुठल्या गटात, ते चिठ्ठी टाकून. मध्ये काही महिने सोडून प्रत्येकाला तीनदा स्कॅनच्या यंत्रात झोपवायचं आणि कानावर वाक्यं ऐकवायची, काही घरच्या माणसाच्या आवाजात, काही परक्या आवाजात, आणि मेंदूत काय हलतं ते बघायचं. काकूंचं नाव मी घातलं, आणि त्यांना वाचनाची चिठ्ठी आली. आकडेमोडीसाठी सरांशिवाय कुणी सुचत नव्हतं. आकड्यांत रुग्णाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. सर तयार झाले, एका अटीवर. "हिचा नंबर मला कळता कामा नये."

या अभ्यासावर सरांचं काय अडलं होतं, ते मला माहीत होतं. त्यांची मुलगी अनघा पुण्यात असते. तिनं स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, आईला पाठीला जखमा व्हायला लागल्यात. तुम्हाला तिला कुशीवर वळवता येत नाही. पुण्यात माझ्या घराजवळ चांगलं केंद्र आहे, नर्स आहेत, व्यायाम आहे. तुमच्या वाचण्यानं तिला खरंच फायदा होत असेल तर मी एक शब्द बोलणार नाही, इथेच दिवसरात्र बाई ठेवू. नसेल, तर मी तिला नेणार." अनघा वाईट नव्हती, आणि तिचं चुकतही नव्हतं. सर एवढंच म्हणाले, "आकडे येऊ देत."

आकडे आले. सरांचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेच्या जिन्यात होते. "मीने! उठून दिसतंय गं! वाचणारा गट स्पष्ट वेगळा आहे!" सरांचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी विचारलं, "सर, मेंदूत हजारो ठिपके, एखादा उगाच चमकला असेल तर?" तर म्हणाले, "मला शिकवतेस? नावं हलवल्यावर दर फेरीला सगळ्यात मोठा ठिपकाच धरलाय, त्याच्याशीच तुलना केलीय." अनघाला त्यांनी आधीच कळवलं होतं. तिनं शब्द पाळला, बाई बघायला सुरुवात केली. मी पुढच्या रविवारी पेढे घेऊन मळवलीला गेले.

दारातच कळलं, काहीतरी बिनसलंय. सर पडवीत बसले होते आणि खुर्ची काकूंकडे पाठ करून होती. "काल हिला अहवाल वाचून दाखवत होतो," ते म्हणाले. "वाचायला दुसरं काही नव्हतं. एकेक पायरी वाचत गेलो. कशाची अदलाबदल केली तिथे आलो आणि थांबलो."

दोन गटांची तुलना असेल तर एका माणसाचे सगळे स्कॅन एका गठ्ठ्यात बांधायचे आणि अख्खा गठ्ठा या गटातून त्या गटात न्यायचा. प्रोग्राममध्ये तो गठ्ठा बांधायची एक ओळ असते. ती लिहायचीच राहिली होती. प्रत्येक स्कॅन सुटा हलला होता. म्हणजे एकाच माणसाला तीन माणसं मोजल्यासारखं झालं, मूठभर लोकांची जत्रा दिसली, आणि जत्रेत साधा फरकही मोठा वाटतो.

"मी माणूस फोडला, मीना," सर म्हणाले. "जन्मभर पोरांना गाढव म्हटलं."

"परत चालवलंत?"

"चालवलं. गर्दीत हरवतंय. फायदा नाही असं नाही म्हणत मी. आहे असं म्हणता येत नाही." आतून काकू म्हणाल्या, "बरं." कशाला म्हणाल्या कोण जाणे.

मी म्हटलं, "सर, अनघाला लगेच सांगायलाच हवं का?" मी हे म्हटलं आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग फोन उचलला.

अनघा गाडी घेऊन आली त्या दिवशी मीही गेले होते. ती रडत होती. "बाबा, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं." सर काकूंच्या पायात मोजे चढवत होते. "मला कळलं होतं ना," ते म्हणाले. सगुणामावशी गाडीच्या काचेला धरून उभी होती. "सर, तुमच्या त्या चिठ्ठ्यास्नी आग लावा," ती म्हणाली, आणि तिलाच हुंदका आला. सरांनी वाकून काकूंना सांगितलं, "मी येतो गं गुरुवारी." काकू म्हणाल्या, "बरं."

ते जायचे. पण केंद्रात एका खोलीत चार खाटा होत्या, मोठ्यानं वाचलं की बाकीच्यांना त्रास व्हायचा. म्हणून सर नुसते हात धरून बसायचे आणि परत यायचे. अनघानं किती म्हटलं तरी तिच्याकडे राहिले नाहीत. एकदा मी भांडले, "इथे एकटे कशाला कुढताय?" तर म्हणाले, "तिथे सगळे बोलतात गं. मला उत्तर द्यावं लागतं." मळवलीच्या घरात दुपारचा चहा झाला की ते खुर्ची रिकाम्या खाटेशी ओढून बसायचे. वाचायचे नाहीत. वर्तमानपत्र घडी न मोडता मांडीवर. मी गेले की मलाच बोलवेना, इतकं ते घर गप्प झालं होतं.

पुढच्या पावसाळ्यात काकू गेल्या. झोपेतच गेल्या. गुरुवार नव्हता.

त्यानंतर मी एक गोष्ट केली. वाचनाचा गटाला फायदा होतो का, हा एक प्रश्न. आणि काकूंना सरांचा आवाज ओळखू येत होता का, हा अगदी वेगळा. दुसऱ्या प्रश्नाला गट लागतच नाही. सरांनीच एकदा सांगितलं होतं, "एकट्या माणसाचीही परीक्षा घेता येते. त्याच्याच चिठ्ठ्या, त्याच्याच डब्यात. घरचा आवाज आधी की परका, हे दर वेळी नाणं उडवून ठरवलंय ना? मग दोन नावांची त्याच्यातल्या त्याच्यातच अदलाबदल करायची." काकूंचा नंबर मला माहीत होता. त्यांच्या तिन्ही स्कॅनमध्ये सरांचा आवाज कुठे लागला, परका कुठे, सगळं होतं. मी चिठ्ठ्या हलवल्या, ओळ न विसरता, पुन्हा पुन्हा तपासून. उत्तर आलं आणि मी मळवलीला गेले.

सर पडवीत होते. मी म्हटलं, "सर, काकूंचं एकट्यांचं काढलंय." त्यांनी हात वर केला, वर्गात करायचे तसा.

"थांब. सांगू नकोस." मग सावकाश म्हणाले, "नाही आलं असेल, तर मी इतके दिवस भिंतीशी बोललो. ते चालेल एक वेळ. पण आलं असेल, तर तिला माझं ऐकू येत होतं, आणि मी मोजे घालून तिला पाठवून दिलं. आणि तिथे गप्प बसलो." माझे डोळे भरून आले, ते त्यांनी पाहिलं. त्यांना तेवढ्यानं कळलं असेल का, या विचारानं मी तोंड वळवलं. "चहा टाक," ते म्हणाले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मिठाच्या बरणीसारखं ते उत्तर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलेलं असायचं, आणि आम्ही दुसरंच बोलायचो.

यंदाच्या थंडीत सरही गेले. अनघानं घर अजून काढलेलं नाही. किल्ली सगुणामावशीकडे असते. परवा मी गेले तेव्हा ती झाडलोट करत होती. लाडवांचा डबा फळीवर होता, त्यात आता तिनं शेंगदाणे भरून ठेवलेत. मी पडवीतून आत आले, खुर्ची रिकाम्या खाटेशी ओढली आणि सर बसायचे तशी बसले. प्रयोगशाळेत रोज माझ्या हाताखालून इतके मेंदू जातात, पण 'चिठ्ठ्या हलवल्या का' असं दरडावून विचारणारं आता मला कुणी नाही. लय एकटं वाटलं, मावशीच्याच शब्दांत सांगायचं तर.

मग मी मोठ्यानं म्हटलं, "सर, काकूंना तुमचा आवाज कळत होता. तिन्ही वेळा. गर्दीतून उठून, स्पष्ट. तुम्ही भिंतीशी बोलत नव्हतात."

आतलं झाडणं थांबलं. मावशी दारात आली. "कुणाशी बोलताय, ताई?"

"सरांशी," मी म्हटलं.

तिनं खाटेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"बरं," ती म्हणाली.